लावल्या दिवशीची कुंडी आणि सहाव्या महिन्यातली कुंडी

प्रश्न : काचेच्या गोल बाउलमध्ये मी आठ सक्युलंट एकत्र लावले होते. गुलाबासारखी पानं रचलेली दोन एचेवेरिया, पांढऱ्या पट्ट्यांचं हावर्थिया, लाल डोक्याचं छोटं निवडुंग, डाँकीज टेल, मोत्यांच्या माळेसारखी लोंबणारी वेल, बुटकं स्नेक प्लांट आणि एक जेड. तळाला खडे, त्यावर कोळसा, मग कोकोपीट-गांडूळखताची माती आणि वरून निळे-पांढरे खडे. लावलं त्या दिवशी इतकं छान दिसत होतं की येईल त्याला दाखवत होते. बाउल खिडकीपासून सहा-सात फुटांवरच्या टेबलावर होता. या झाडांना पाणी कमी लागतं हे ऐकून होते, म्हणून रोज प्रत्येकाला फक्त एक चमचा पाणी घालायचे. तीन आठवड्यांत मोत्यांची वेल गेली. मग एक एचेवेरिया बुडातून सडलं, दुसऱ्याची मान बगळ्यासारखी लांबली. जेडची पानं गळताहेत, डाँकीज टेलला हात लावला तरी पानं पडतात, लाल निवडुंग कलंडलंय. चार महिन्यांनंतर हावर्थिया आणि स्नेक प्लांट तेवढी धड आहेत. आता बहिणीने चिनी मातीचा पसरट बाउल दिलाय, ३० सेंटीमीटर रुंद, ८ सेंटीमीटर खोल, तळाला भोक नाही. बाल्कनीत सकाळी अकरापर्यंत ऊन असतं. या वेळी जगेलही आणि दिसेलही अशी मांडणी कशी करू? आणि खरं सांगते, पहिली मांडणी सुंदर असली तरी बघताना कुठेतरी गर्दी वाटायची. ते का, हे कळलंच नाही.
— चमच्याने पाणी घालणारी

ताई,

सुरुवात तुमच्या चमच्यापासूनच करू. चहाचा चमचा धरला तर ५ मिलिलीटर. आठ झाडं, आठ चमचे, म्हणजे दिवसाला ४० आणि आठवड्याला २८० मिलिलीटर. खाली भोक नाही, त्यामुळे हे पाणी जाणार कुठे? वरचे निळे-पांढरे खडे कोरडे, त्याखालचा थरही कोरडा, आणि तळाशी कोळसा नि खडे पाण्यात बसलेले. तुम्ही हात आखडूनच पाणी घातलंत, पण थेंबाथेंबाने हौद भरत गेला. चमच्याचं दुखणं दुहेरी असतं. मातीला नीट भिजू देत नाही आणि नीट सुकूही देत नाही.

तळाला खडे घातले की पाण्याचा निचरा होतो, हा समज इतका पक्का बसलाय की तो काढायला मला दर दोन-तीन महिन्यांनी लिहावं लागतं. या वेळी लिहीत नाही, करून बघायला सांगते. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि आडवा धरा. पाणी ठिबकेल आणि थोड्या वेळाने थांबेल. आता तोच स्पंज, न पिळता, उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच आणि पाणीही तेच, वाढली ती फक्त उंची. मातीचंही असंच आहे. कुठल्याही कुंडीत तळाशी एक थर असा राहतो की ज्यातलं पाणी आपोआप निथळत नाही. बारीक माती ते धरून ठेवते, खालच्या मोठ्या खड्यांच्या पोकळीत सहजी सोडत नाही. म्हणजे खड्यांचा थर घातला की तो ओला थर नाहीसा होत नाही, वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ.

हे लांबण लावलं त्याला कारण आहे. तुमचा नवा बाउल फक्त ८ सेंटीमीटर खोल आहे. सक्युलंटची मुळं वरवर पसरतात, म्हणून पसरट भांडं त्यांना मानवतं, हे खरंच. पण पसरट भांडं म्हणजे आडवा धरलेला स्पंज. उंच कुंडीत चालून जाणारी माती पसरट बाउलमध्ये चालत नाही. तिथे मिश्रण जास्त भरड लागतं, आणि भोक तर लागतंच.

तेव्हा पहिलं काम, भोक. चिनी मातीला भोक पाडता येतं. टाइलला भोक पाडायचं डायमंडचं टोक मिळतं, १० ते १२ मिलिमीटरचं घ्या. बाउल उपडा ठेवून जागेवर चिकटपट्टी लावा म्हणजे टोक घसरणार नाही. ड्रिलचा हातोड्यासारखा ठोकणारा मोड बंद ठेवा, वेग कमी ठेवा आणि तिथे थोडं थोडं पाणी सोडत राहा. पाणी आणि वीज एकत्र येतात म्हणून ड्रिल बॅटरीवरचं असलेलं बरं. डोळ्यांवर चष्मा हवाच. जोर लावू नका, टोकाला त्याचं त्याचं उगाळू द्या. मध्यभागी एक आणि कडेकडेने दोन अशी तीन भोकं असली तर उत्तम. बहिणीच्या भेटीला भोकं पाडायचा धीर होत नसेल तर बाउलमध्ये बसेल असं भोकांचं प्लास्टिकचं ताट किंवा उथळ कुंडी शोधा, झाडं तिच्यात लावा आणि पाणी घालताना तेवढी बाहेर काढा. मात्र मग निथळल्याशिवाय ती परत आत ठेवायची नाही.

जुना काचेचा बाउल मेणबत्त्यांसाठी ठेवा. त्यात झाडं नकोत.

आता आठ झाडांकडे येते. तुमच्या पत्रातली यादी वाचताना मला आधी हसू आलं, मग जरा वाईट वाटलं. ही आठ झाडं काही एका घरातली नाहीत. दुकानात सगळी एका ट्रेमध्ये, एकाच मापाच्या कुंडीत शेजारी शेजारी असतात, म्हणून आपल्याला ती एकाच घरातली वाटतात. ‘सक्युलंट’ हे कुळाचं नाव नाही. पान, खोड किंवा मूळ यांत पाणी साठवणारी सगळी झाडं या शब्दात येतात. कोरफड आली, घायपात आली, पानफुटी आली, निवडुंगं आली. त्यांची गावं वेगळी, ऊन सोसायची ताकद वेगळी, तहान वेगळी.

हावर्थिया दक्षिण आफ्रिकेतलं. तिथे ते बहुधा झुडपांच्या नाहीतर दगडांच्या आडोशाला वाढतं, म्हणून खिडकीपासून दूर तुमच्या टेबलावरही तगलं. स्नेक प्लांट तर कमी उजेड सोसण्याबद्दल प्रसिद्धच आहे. एचेवेरिया मुख्यत्वे मेक्सिकोतलं, उघड्या कातळावर वाढणारं. त्याला रोज चार-सहा तास ऊन लागतं. ते नाही मिळालं की ते उजेडाच्या शोधात मान उंच करत जातं, पानांमधलं अंतर वाढतं. तुमच्या ‘बगळ्या’ची गोष्ट ही. आणि ते लाल डोक्याचं निवडुंग तर एक झाड नाहीच, दोन आहेत. वरच्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तो स्वतःचं अन्न स्वतः तयार करू शकत नाही. त्याला खालच्या हिरव्या, बहुधा त्रिधारी खोडावर कलम केलेलं असतं. ते खोड ड्रॅगन फ्रूटच्या नात्यातलं, झाडांवर चढत जाणारं. त्याच्या पाण्याच्या नि सावलीच्या सवयी एचेवेरियाशी जुळत नाहीत. शिवाय कलमाचं आयुष्यही मुळात थोडंच, बऱ्याचदा काही वर्षांचं. ते तुमच्या हातून बिघडलं असं मनाला लावून घेऊ नका.

तेव्हा मांडणीची पहिली पायरी रंग नाही, आकार नाही, उंचीही नाही. आधी ऊन आणि तहान जुळवा. ज्यांची जुळते त्यांतूनच पुढची निवड करा. मी तर बाउल घेऊन दुकानात जायच्या आधी कागदावर दोनच ओळी लिहिते : कुंडी कुठे राहणार, तिथे ऊन किती. तुमच्याकडे सकाळचं ऊन अकरापर्यंत आहे. सक्युलंटसाठी हे ऊन लाखमोलाचं, कोवळ्यात सुरू होऊन चटका बसायच्या आत संपणारं. म्हणजे एचेवेरियाच्या कुळातली मंडळी तुमच्याकडे रमतील. एचेवेरिया, ग्रॅप्टोपेटॅलम, सेडम, क्रॅसुला ही चारही एकाच कुळातली, क्रॅसुलेसीतली. जेड हेसुद्धा क्रॅसुलाच. हावर्थिया आणि स्नेक प्लांट यांना त्यांची वेगळी कुंडी द्या आणि टेबल त्यांच्याकडेच राहू द्या, फक्त खिडकीच्या दोन-तीन फूट जवळ सरकवा. दोघं मिळून घरातली मांडणी होते. गडद हिरवे उभे भाले आणि खाली पांढऱ्या पट्ट्यांची बुटकी चांदणी, तिसऱ्याची गरजच नाही.

या कुळावरून एक गंमत सांगते, तुमच्या चमच्याशी तिचा संबंध आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात, हवा आत घेतात आणि त्यापायी पाणी गमावतात. क्रॅसुलेसीतल्या झाडांनी युक्ती काढली. ती रंध्रं मुख्यतः रात्री, गारव्यात उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दिवसा दारं लावून त्याचं अन्न करतात. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं आणि दिवस चढेल तशी ती चव जाते, असं एका पत्रात लिहिलं होतं. ते पत्र १८१५ साली छापलं गेलं. (तुम्ही चाखू नका, पानफुटी विषारी आहे.) दिवसा दारं लावून बसलेलं झाड पाणी फार सावकाश पितं. त्याला रोजचा चमचा म्हणजे झोपलेल्याच्या तोंडात घास कोंबल्यासारखं.

आता तुमचा खरा प्रश्न, गर्दी का वाटायची.

आठ झाडं होती आणि जवळजवळ सगळी निराळी. एक टोकेरी, एक गोल, एक लोंबतं, एक उभं, एक लाल, एक पट्ट्यांचं. प्रत्येक जण ‘माझ्याकडे बघ’ म्हणत होता. वर निळे-पांढरे खडे, तेही तेच म्हणत होते. नजर कुठे टेकणार? उपाय अगदी साधा आहे, पण दुकानात पाळणं फार कठीण जातं : प्रकार कमी, संख्या जास्त. तीन प्रकार घ्या, फार तर चार. एक प्रकार एकच, एक प्रकार तीन ठिकाणी, एक प्रकार पाच-सात ठिकाणी बारीक बारीक. तेच पान पुन्हा दिसलं की डोळा त्या वाटेने चालायला लागतो आणि मांडणीला ताल येतो.

तुमच्या ३० सेंटीमीटरच्या बाउलसाठी मी काय घेईन ते सांगते, तुम्ही त्यात हवे ते बदल करा. मुख्य झाड एकच, १० ते १२ सेंटीमीटर रुंदीचं एचेवेरिया. या झाडाला नावही एका चित्रकाराचं मिळालंय. अतानासिओ एचेवेरिया हा अठराव्या शतकाच्या अखेरीस मेक्सिकोतल्या वनस्पतींची चित्रं काढणारा कलावंत. द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये या प्रजातीला त्याचं नाव दिलं. एचेवेरियाकडे मानाची जागा जाऊ द्या, पण ती जागा मधोमध नको. मधोमध ठेवलं की मांडणी घड्याळाच्या तबकडीसारखी होते, सगळीकडून सारखी आणि लगेच संपणारी. कडेपासून साधारण एक तृतीयांशावर ठेवा आणि थोडंसं बाहेरच्या बाजूला, बघणाऱ्याकडे झुकवून लावा. झुकवल्याने त्याची पाकळ्यांसारखी रांग समोरून दिसते आणि पावसाचं नाहीतर पाणी घालताना पडलेलं पाणी त्याच्या बेचक्यात साचून राहत नाही.

त्याच्या मागे उंची हवी. तुमच्या जेडचीच एक फांदी, १५ सेंटीमीटरच्या आसपास, दोन-तीन फाटे असलेली. खालची पानं काढून खोड दिसू द्या, म्हणजे लहानसा वृक्ष वाटेल. फार उंच नको. बाउलच उथळ आहे, त्यावर उंच काठी उभी केली की कधी कलंडेल असं वाटत राहतं. मग ग्रॅप्टोपेटॅलम पॅराग्वायेन्स, फिकट राखाडी-गुलाबी, पाकळ्यांसारख्या पानांचं. नावात पॅराग्वे असलं तरी ते आहे मेक्सिकोचं, नाव देताना घोटाळा झाला आणि तसाच राहिला. याच्या तीन लहान कांड्या एचेवेरियाच्या विरुद्ध बाजूच्या कडेला लावा. काही महिन्यांनी त्या बाउलच्या काठावरून खाली वळतील. एचेवेरिया आणि ग्रॅप्टोपेटॅलम यांचं रूप इतकं जवळचं आहे की एक मोठी आणि तिची पिल्लं असं वाटतं, आणि तेच आपल्याला हवंय. शेवटी भरायला बारीक पानांचं सेडम. गुलाबाच्या आकारांशेजारी दाण्यांसारखी गोल, चकचकीत पानं आली की दोघंही उठून दिसतात. चकचकीतशेजारी धुरकट, मोठ्याशेजारी बारीक. विरोध एवढा पुरे.

आणि जागा मोकळी सोडा. बाउलच्या पृष्ठभागाचा जवळजवळ तिसरा हिस्सा निव्वळ खडीचा राहू द्या, आणि तोही एका बाजूला सलग, इथे-तिथे विखुरलेला नको. हे करताना तुमचा हात थरथरेल. ‘इथे अजून एक बसेल’ असं मन म्हणेल. बसेलही. पण ती जागा रिकामी नाहीये, ग्रॅप्टोपेटॅलमची पुढच्या चार महिन्यांची आहे. फोटोत दिसणाऱ्या गच्च भरलेल्या कुंड्या लावल्या दिवशीच्या असतात. पानाला पान चिकटलं की खेळती हवा बंद होते, खालची सुकलेली पानं काढता येत नाहीत, आणि पिठ्या ढेकणाला (कापसासारखी पांढरी दिसणारी कीड) लपायला छान जागा मिळते. कुणाच्या समारंभासाठी दोन दिवसांची सजावट असेल तर खुशाल गच्च लावा. घरात राहणारी कुंडी असेल तर सहाव्या महिन्यातला चेहरा आधी डोळ्यांपुढे आणा आणि मग लावा.

रंगाबद्दल एक सावधगिरीची सूचना. दुकानात लालचुटूक कडा, जांभळी झाक बघून आपण भाळतो. तो रंग बहुतेक वेळा भरपूर ऊन, गारवा आणि कमी पाणी यांच्या ताणाने आलेला असतो. घरी सावलीत आणलं की काही आठवड्यांत पान पुन्हा हिरवं. झाड आजारी नसतं, उलट सुस्तावलेलं असतं. म्हणून निवड पानाच्या आकारावरून करा, रंग बोनस समजा. आणि हो, निळ्या-गुलाबी चकाकीचा स्प्रे मारलेली झाडं नि डोक्यावर गोंदाने फूल चिकटवलेली निवडुंगं कृपा करून घेऊ नका. पानावर रंगाचा लेप दिला की त्याचा उजेडच अडतो. नवीन पानं हिरवीच येतात आणि जुनी रंगीत पानं बाहेर फेकली जातात, तेव्हा ते झाड उसने कपडे घातल्यासारखं दिसतं.

खडी एकाच रंगाची घ्या, मातकट किंवा राखाडी, ३ ते ५ मिलिमीटरची, एक सेंटीमीटर थर. निळे खडे झाडांशी भांडतात. खडीचं काम नुसतं शोभेचं नाही. झाडाची मान ओल्या मातीला टेकत नाही आणि पाण्याबरोबर माती उडून पानांवर बसत नाही. तिचा एक तोटा आहे, आतली ओल दिसत नाही. त्यावर उपाय पुढे आहे.

मिश्रण असं : एक भाग कोकोपीट किंवा चांगलं कुजलेलं खत, दोन भाग भरड काहीतरी. पर्लाइट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र दगडी दाणे), विटांचे बारीक तुकडे, जाडी वाळू, जे मिळेल ते. दाणा साधारण ज्वारीच्या दाण्याएवढा हवा. विटांचा चुरा घेतलात तर पिठाच्या चाळणीने चाळून पूड फेकून द्या. ही पूडच पाण्याबरोबर खाली जाऊन भोकाशी लिंपण घालते. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. तळाला भोकावर जाळीचा तुकडा एवढंच, खडे नाहीत, कोळसा नाही.

लावायच्या दिवशी घाई करू नका. दुकानातून आलेलं झाड कुंडीतून काढलं की मुळांभोवती कोकोपीटचा घट्ट गोळा दिसेल, काही वेळा त्याला जाळीदार कापडाचं वेष्टणही असतं. तो तसाच लावला तर तुमच्या भरड मिश्रणाच्या मधोमध एक ओला बोळा राहतो, तोच पुढे कुजवतो. वेष्टण काढा, गोळा बोटांनी मोकळा करा. मुळांवर कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो मुळांतला पिठ्या ढेकूण. ते झाड आज लावू नका, मुळं धुऊन सुकवा आणि दोन-तीन आठवडे वेगळं ठेवून बघा. खरं तर प्रत्येक नव्या झाडाला दोन आठवडे बाजूला ठेवायची सवय चांगली, कारण एकत्र कुंडीत रोग आला की तो एकट्याचा राहत नाही.

आणि एचेवेरियाला पानांना धरू नका. त्याच्या पानांवर जी पांढुरकी भुकटी दिसते ती धूळ नाही. ते मेण आहे, उन्हापासून आणि पाण्यापासून पानाचं रक्षण करणारं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं पहिलं मोठं एचेवेरिया, निळसर राखाडी, मी सणासुदीच्या साफसफाईच्या उत्साहात ओल्या फडक्याने पुसलं. एक पान पुसलं, खाली हिरवंगार चकचकीत निघालं, म्हटलं बघा किती मळ होता, आणि उरलेली अकरा पानंही पुसून काढली. जुन्या पानांवर ती भुकटी पुन्हा आली नाही. त्यानंतर कितीतरी महिने मधल्या नव्या पानांचं धुरकट फूल आणि भोवती माझ्या कर्तबगारीची हिरवी झालर, असं ते झाड बसून होतं. आता मी झाड मुळांच्या गोळ्याला धरते, आणि वर पडलेली खडी रंगाच्या मऊ ब्रशने किंवा फुंकणीने उडवते. तुम्हीही ब्रश जवळ ठेवा.

मिश्रण कोरडंच भरा, मागच्या बाजूला जरा उंच आणि पुढे उतरतं. सपाट मैदानापेक्षा हा दोन बोटांचा उतार मांडणीला खोली देतो. आधी एचेवेरिया कुंडीसकट मातीवर ठेवून चार पावलं मागे जा आणि बघा, मग जेड, मग बाकीचे. जागा ठरल्यावरच कुंड्यांतून काढा. बारीक सेडम शेवटी, चिमट्याने किंवा पेन्सिलीने भोक करून त्यात खोचा. लावल्यावर पाणी नाही. तुटलेल्या मुळांच्या जखमा सुकायला चार-सहा दिवस द्या, बाउल सावलीत पण उजेडात ठेवा. उन्हात लगेच नको. तुमची झाडं चार महिने आत होती, त्यांना थेट अकरापर्यंतचं ऊन दिलंत तर पानं भाजून करपट डाग पडतील आणि ते डाग जात नाहीत. पहिले काही दिवस तासभर, मग दीड, मग दोन, असं दोन-तीन आठवड्यांत पूर्ण उन्हावर या.

पाणी. चमचा ठेवून द्या, आणि फवाऱ्याची बाटली असेल तर तीही. पाणी द्यायचं तेव्हा झारीच्या बारीक तोंडाने मातीत, सगळीकडे, खालच्या भोकातून वाहेपर्यंत. मग पुरतं सुकेपर्यंत काही नाही. किती दिवसांनी, हे मी सांगणार नाही, कारण हवा, ऊन, कुंडी, ऋतू यांवर ते आठवडाही असू शकतं आणि तीन आठवडेही. खडीतून ओल दिसत नाही म्हटलं त्यावरचा उपाय म्हणजे बांबूची सुकी काडी. ती तळापर्यंत खुपसून पंधरा मिनिटं ठेवा. बाहेर काढल्यावर टोक गडद, गार, मातीचे कण चिकटलेले असतील तर थांबा. कोरडी स्वच्छ निघाली तरीही दोन दिवस थांबा. मग एचेवेरियाचं सर्वात खालचं पान हळूच दाबा. मऊ पडून जरासं वाकत असेल, सुरकुतलं असेल, तर झाड तहानलंय. पान पिवळट, पारदर्शक, पाण्याने भरल्यासारखं बुळबुळीत असेल तर ते उलट, पाणी जास्त झालंय. तहानेने सुरकुतलेलं झाड एका पाण्यात सावरतं. सडायला लागलेल्याला एवढी सवलत नसते, म्हणून शंका आली की बाजू कोरडेपणाची घ्या. सलग पाऊस लागला तर बाउल छपराखाली ओढा.

दर आठवड्याला बाउल पाव वळसा फिरवा, नाहीतर सगळी एका बाजूला माना वळवतात. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यात दिसला तर कापसाचा बोळा ७० टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून टिपा, संध्याकाळी, ऊन नसताना. भुकटीवाल्या पानांवर हात हलका ठेवा, अल्कोहोल तीही काढतं. खत वर्षातून एक-दोनदा, अगदी पातळ करून, वाढीच्या दिवसांत. खताच्या लाडाने ही झाडं फोफावतात आणि बेढब होतात.

आणखी एक. उद्या हौस वाढली आणि शेरासारखं युफोर्बिया कुळातलं काही घ्यावंसं वाटलं तर हातमोजे घालून कापा. त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार दुखवतो. निवडुंग आणि युफोर्बिया दुरून सारखे दिसतात. शंका आली तर टाचणी टोचून बघा, पांढरा चीक आला तर ते बहुधा निवडुंग नव्हे. (दुकानदारासमोर करू नका.)

वर्ष-दीड वर्षाने ही कुंडी पसरेल, जेड डोईजड होईल, सेडम खडीवर अतिक्रमण करेल. तेव्हा ती मोडा. सगळं बाहेर काढा, छाटा, नव्या मिश्रणात पुन्हा मांडा. यात काही चुकलं असं नसतं. एकत्र कुंडीचं ते ठरलेलं काम आहे, आणि दुसऱ्यांदा मांडताना तुमचा हात पहिल्यापेक्षा कितीतरी बरा चालतो.

राहता राहिला तुमचा बगळा. तो फेकू नका, नवीन एचेवेरिया घ्यायचीही गरज नाही. स्वच्छ धारदार कात्रीने डोक्याखाली तीन-चार सेंटीमीटर देठ ठेवून मान कापा. देठावरची खालची दोन-चार पानं बाजूला ओढून काढा, मुरगाळून नाही, पान बुडासकट सुटलं पाहिजे. डोकं सावलीत चार-पाच दिवस कोरडं ठेवा, कापलेली जागा खरखरीत झाली की कोरड्या भरड मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा. दोन ते चार आठवड्यांत बारीक गुलाबीसर मुळं दिसतील. उरलेला बुंधा दोन-तीन पानांसकट कुंडीत राहू द्या, त्याला बाजूने पिल्लं फुटतात. काढलेली पानं आणि डाँकीज टेलची पडलेली पानं एका ताटलीत सुक्या मिश्रणावर पसरून ठेवा. सगळी नाही, पण बरीचशी रुजतील. जेडचीही फांदी अशीच कापून सुकवा. म्हणजे नव्या बाउलसाठी तुम्हाला ग्रॅप्टोपेटॅलम आणि बारीक सेडम तेवढं आणावं लागेल, बाकी घरातच आहे.

मुळं फुटेपर्यंतच्या तीन-चार आठवड्यांत बाउलला भोकं पाडून होतील, विटांचा चुरा चाळून होईल, आणलेली झाडं वेगळी ठेवूनही होतील. फोटो पाठवा, पण लावल्या दिवशीचा नको. सहा महिन्यांनी पाठवा.